उरलेल्या गोळ्या

हळद शिजायला लागली की मला गावात राहवत नाही, आणि गाव सोडून जावं म्हटलं तर पाय निघत नाहीत. माघ सरत आला की आमच्या आसेगावात कुकर फिरायला लागतो. हा कुकर स्वयंपाकघरातला नव्हे. चार मोठी लोखंडी पिंपं, मधोमध पाण्याची टाकी, खाली भट्टी, आणि हे सगळं लटांबर ट्रॅक्टरच्या मागं. आज या मळ्यात, उद्या त्या मळ्यात. पिंपाचं झाकण उघडलं की वाफ अशी उसळते की समोर उभा माणूस दिसेनासा होतो. तिचा वास ओल्या मातीचा असतो, जरासा कडू, जरासा औषधी. आज सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या, गजूच्या मळ्यात पहिलं पिंप उघडलं. मी ओसरीवर चहा घेऊन बसलो होतो. वास आला आणि कप हातातच राहिला. बायको म्हणाली, "च्या थंडा होऊन राह्यला तुमचा." मी म्हटलं, होऊ दे.

तीन वर्षांपूर्वीचे हेच दिवस. वैशू, म्हणजे गजूची एकुलती एक लेक, तेव्हा पुण्याहून महिनाभरासाठी आली होती. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. काम घरून केलं तरी चालतं म्हणाली. पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कारंज्याहून एक स्थळ तिला पाहायला येणार होतं, मुलगा बँकेत, घर स्वतःचं. आमच्याकडं बापाच्या मोठ्या भावाला मोठे बाबा म्हणतात, तशी ती मला म्हणायची. पहिली ते चौथी माझ्याच वर्गात शिकली. मला मूलबाळ नाही. या पोरीला मुळाक्षरं मी गिरवायला शिकवली आणि पुढं ती माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलायला लागली, याचा मला जो माज होता तो मी कधी लपवला नाही.

माज आणखी एका गोष्टीचा होता, आणि आज सांगायची गोष्ट तीच आहे. मी मास्तर. गावात औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचू शकणारा कित्येक वर्षं मी एकटाच होतो. लोक चिठ्ठी घेऊन यायचे, कोणती गोळी सकाळची, कोणती संध्याकाळची, विचारायचे. असं करता करता दुसरंच सुरू झालं. कोणी बरं झालं की उरलेल्या गोळ्या माझ्याकडं आणून द्यायला लागलं. औषध फेकलं तर दुखणं उंबऱ्यातच बसून राहते, असं आमच्याकडं म्हणतात. मग फेकायचं कशाला? गुरुजीच्या घरी द्या, कोणाच्या तरी कामी पडन. आणि कोणी गेलं, की तेरवी झाल्यावर त्याचं धोतर एकाला, काठी दुसऱ्याला आणि राहिलेल्या गोळ्या मला. मेलेल्याच्या गोळीनं जित्याला उतार पडला तर त्याचं पुण्य मेलेल्याला लागतं, असा हिशेब. हिशेब वाईट नव्हता हो. मायेचाच होता.

बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात मी कागदाच्या पुड्या केल्या होत्या आणि फळ्यावर लिहायचो त्या अक्षरात पुडीवर आणि आतल्या पाकिटांच्या पट्ट्यांवर लिहिलं होतं: डोकं, पोट, सांधे, खोकला, झोप. तारीख उलटलेली गोळी मी ठेवत नसे. मी म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे, तारीख पाहणारा माणूस. बायको मला डाक्टरसाहेब म्हणायची, ते टोमण्यानं असायचं आणि मला मात्र गोड लागायचं. नीम हकीम खतरे जान ही म्हण मी पोरांना वाक्यात उपयोग करून दाखवायचो. स्वतःकडं बोट करून दाखवायचं तेवढं राहून गेलं.

त्या वर्षी हळद जोरात होती. शिजवलेली हळद ताडपत्रीवर पसरायची, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी निवडायची. बायका रांगेनं बसायच्या, कोपरापर्यंत पिवळ्या. वैशू त्यांच्यात येऊन बसली, मांडीवर लॅपटॉप, एका हातानं काम, दुसऱ्या हातानं हळद. बायका हसायच्या. "काय वं, कंपनी इथंच आणली का?" ती म्हणायची, "हाव ना मावशी, तुमालेबी घेऊ का कामाले?" दिसायला सगळं छान होतं. पण डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि हातातलं हळकुंड जरा थरथरायचं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. म्हणाली, "मोठे बाबा, पाठ लय दुखते. झोप तं येतच नाई." मी डबा काढला. माझी छाती फुगली असेल. पुण्याची पोरगी, तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर दवाखाने, आणि औषध मागते ते माझ्याकडं.

झोपेच्या पुडीतल्या गोळ्या आमच्या आईच्या होत्या. आई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. वाशिमच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी लिहून दिलेल्या, तिच्या वयाला, तिच्या दुखण्याला. पंच्याऐंशीच्या म्हातारीचं औषध मी पंचविशीच्या पोरीच्या हातावर ठेवलं आणि वर सांगितलं, चहासोबत घेऊ नको हं, पाण्यासोबत घे. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मस्त झोप लागली. मी घरभर सांगत सुटलो. मग ती रोज यायला लागली.

पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही दोघंच ताडपत्रीवर बसलो होतो. बायका जेवायला गेल्या होत्या. ती म्हणाली, "मोठे बाबा, एक सांगू का? रागवसान नाई ना?" मी म्हटलं, बोल. मग तिनं सांगितलं. शनिवारी ऑफिसातली मंडळी क्लबात जातात. तिथं गाणी असतात, अंधार, रंगीत दिवे. कोणीतरी गोळ्या आणतो, नाचायच्या. ती घेतली की थकवा येत नाही, सगळे आपले वाटतात, अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडावंसं वाटतं. "अन् मंग?" मी विचारलं. मग दोन दिवस झोप येत नाही. छातीत धडधडते. सोमवारी ऑफिस. म्हणून मग झोपेची घ्यायची. कोणाच्या आईची असते, कोणाच्या आजोबाची. "सगळ्यायच्या पर्समध्ये असतात, मोठे बाबा. एकजण आणते, सगळे वाटून घेतात." मी म्हटलं, दारू पितेस का? ती म्हणाली, "नाई, मले वासच सहन नाई होत." आणि तुम्हाला खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही व्यसन ओळखतो ते नाकानं आणि डोळ्यांनी. दारूला वास येतो, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं दात रंगतात, बिडीनं बोटं पिवळी होतात. गोळीला काही नाही. ती शहाण्यासारखी पांढरी असते, चांदीच्या कागदात असते, पाठीवर डॉक्टरी अक्षरं असतात. मी तिला एवढंच म्हणालो, ते पुण्याचं काही घेत जाऊ नको पोरी, कोणी काय देईल भरवसा नाही. ती म्हणाली, "ते सोडलंच समजा. ते तं नशेचं असते, मोठे बाबा. हे आपलं औषध आहे." आणि मी मान हलवली. मास्तरानं, जन्मभर चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारलेल्या माणसानं, मान हलवली. आणि संध्याकाळी पुन्हा डबा उघडून अख्खं पाकीटच हातात दिलं.

सोडलं होतं असं ती म्हणाली, पण सोडलं नव्हतं. त्यातलं थोडं तिच्या बॅगेत होतं. कारंज्याची मंडळी तीन दिवसांवर आली तसा तिचा जीव वरखाली व्हायला लागला. हे मला तिनंच पुढं सांगितलं. आधी पुण्याचं घेतलं, हुरूप यावा म्हणून. मग रात्रभर टक्क डोळे, म्हणून माझ्याकडचं. एक घेऊन भागलं नाही तेव्हा आणखी. सकाळी ती मळ्यात आली, ताडपत्रीच्या कडेला पोत्याला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. बायका म्हणाल्या, निजू द्या, पाहुणे येऊन राह्यले, लेकीले घोर लागला असन. दुपारी चटणीभाकर खायला हाक मारली, उठेना. हलवली, उठेना. तिचे ओठ निळसर झाले होते आणि श्वास फार लांबून लांबून येत होता. हात मात्र हळदीनं इतके पिवळे होते की मला वेड्याला क्षणभर वाटलं, बरी आहे.

तिला उचलताना ओढणीतून गोळ्यांचं पाकीट ताडपत्रीवर पडलं. माझं. पाठीवर माझ्या अक्षरात "झोप" लिहिलेली कागदाची पट्टी होती. मी ते उचललं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. कोणी पाहिलं नाही. विचार करून केलं का? नाही. सांडलेलं मीठ उचलावं तसं उचललं. पण उचललं हे खरं.

जीपमधून आम्ही तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं नाडी पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "हिनं काही गोळ्या घेतल्यात का? झोपेच्या, दुखण्याच्या, काहीही? नीट आठवून सांगा." दारात गजू होता, त्याची बायको होती, मळ्यातल्या बायका होत्या, ज्याची जीप होती तो गडी होता. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण औषधाचं कळतं ते गुरुजींना. कारंज्याचं स्थळ परवा येणार होतं. गावभर बोभाटा झाला असता. पोरीचं नाव, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. खोटं आहे ते. मला आधी आठवलं ते माझं नाव. मी म्हणालो, "नाही डॉक्टर. उपास होता तिचा. त्यात ऊन लागलं असेल."

माघातलं ऊन! डॉक्टरानं माझ्याकडं एकदा पाहिलं, पण एवढ्या पिकल्या केसांचा मास्तर खोटं बोलेल असं त्या बिचाऱ्याला कुठून वाटणार. त्यानं सलाईन लावलं, वाट पाहिली. त्या वाट पाहण्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत काढला. खिशात पाकीट होतं, बोलायला जीभ होती, आणि वैशूचा श्वास दोन वेळा थांबल्यासारखा होऊन परत सुरू झाला. तरी मी बोललो नाही. मग डॉक्टरच म्हणाला, मला हे वेगळं दिसतंय, अकोल्याला न्या. शेलूबाजार मागं पडलं तेव्हा जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

अकोल्यात डॉक्टरांना न सांगता कळलं. ती वाचली. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुठून आणल्या गोळ्या? तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. आईच्या गोळ्यांचं पाकीट तेव्हाही माझ्या खिशातच होतं, सदरा बदलला नव्हता. तिनं नजर वळवली आणि म्हणाली, "पुण्याहून. सगळ्या पुण्याहूनच आणल्या." मी तिथं उभा होतो. "नाही, माझ्या," एवढे दोन शब्द. चौथीतलं पोर बोलेल.

पुढचं सगळं तिनं भोगलं. कारंज्याची मंडळी आली नाहीत. गजूनं तिला घरी आणलंच नाही. दवाखान्यातूनच पुण्याच्या गाडीत बसवून दिलं आणि म्हणाला, "तू तिकडंच राय. आमाले तोंड दाखवाची सोय नाई ठेवली." तिच्या मायनं तोंडात पदर कोंबला. मी तेव्हाही होतोच. मी सगळीकडं असतो.

तिनं सोडलं, हे सांगितलं पाहिजे. पुण्यात एका डॉक्टरीणबाईकडं जायला लागली, दर आठवड्याला. पहिले काही महिने फार वाईट गेले, एकदा घसरली, परत उठली. मला हे माहीत आहे कारण महिन्यातून एकदा ती मला फोन करते. मलाच. माझी तब्येत विचारते, बायकोचे गुडघे विचारते. मळ्याबद्दल विचारत नाही. मी तिला एकदाच म्हणालो होतो, वैशू, तू माझं नाव का घेतलं नाहीस? ती म्हणाली, "तुमी घेसान असं वाटलं."

डबा मी रिकामा केला. सगळ्या पुड्या मंगरुळच्या एका ओळखीच्या मेडिकलवाल्याकडं नेऊन दिल्या आणि नष्ट करा म्हटलं. गाव माझ्यावर रुसलं. "गुरुजीले आता गोरगरिबाले एक गोळी द्याची जड होऊन राह्यली," असं पाठीमागं बोलतात. मी कारण सांगत नाही. पण एक मात्र झालं, दिसायला लागलं. लग्नाच्या डीजेपुढं दुपारच्या उन्हात तासन्‌तास नाचणारी पोरं दिसतात, दारूचा वास नाही आणि डोळे मात्र भलतीकडं. मंगल कार्यालयामागं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसतात, खोकला कोणालाच नसताना. पूर्वी पाठ दुखते, मांडी दुखते म्हणत माझ्या ओसरीवर येणारे धडधाकट गडी आठवतात. त्यातल्या कितीजणांची पाठ खरंच दुखत होती? मी पुढ्यात बसवून, पाण्याचा तांब्या देऊन, आग्रह करून गोळ्या दिल्या आहेत लोकांना. चहा नको तर गोळी घेऊन जा, इथपर्यंत.

आणि झोप मला येत नाही. येतेच कुठून. डोळा लागला की समोर वाफ उभी राहते आणि वाफेत कोणीतरी विचारतं, नीट आठवून सांगा. मला आठवतं. सगळं नीट आठवतं. बायको म्हणते, तुमी निजेत कोणाशी बोलता? मी म्हणतो, डॉक्टरशी.

आज सकाळी चहा तसाच ठेवून मी गजूच्या मळ्यात गेलो. गजू भट्टीपाशी होता, डोक्याला फडकं बांधलेलं. माणसं पिंप रिकामं करायला गेली तसा मी त्याला बाजूला बोलावलं. म्हटलं, गजू, त्या गोळ्या माझ्या होत्या. आपल्या आईच्या. मी दिल्या वैशूला, रोज दिल्या. आणि डॉक्टरानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे बोलायला मला तीन वर्षं लागली आणि बोलायला लागलो तर अर्धं मिनिटही लागलं नाही.

गजू जाळाकडं पाहत राहिला. म्हणाला, "मले मालूम आहे, दादा."

मी म्हटलं, कधीपासून?

"अकोल्याले तुमी बाकावर बसले होते. पाणी प्याले वाकले तं खिशातून पाकीट अर्धं बाहेर आलं. मायच्या गोळ्या म्याच आणत जावो वाशिमहून. मले वळखू येणार नाई का?"

"मग बोलला का नाहीस? पोरीला हाकललंस तू."

त्यानं लाकूड आत सरकवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बोलून काय करतो? तिचं नाव तं गेलंच होतं. तुमचं तरी राह्यलं पाह्यजे. एका घरातल्या दोघायचं काहून घालवा?"

मला वाटत होतं, तो रागावेल. अंगावर धावून येईल, निदान हातातलं लाकूड फेकेल. तो माझ्यासाठी चहा सांगायला उठला. मी त्याला थांबवलं आणि घरी आलो. तीन वर्षं मी एकट्याचं पाप म्हणून उराशी धरून बसलो होतो. गजूनं ते कधीच वाटून घेतलं होतं, आणि दोघांनी मिळून ते त्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. चांगली माणसं आम्ही. गावात विचारा कोणालाही.

दुपारी मी वैशूला फोन लावला. तिला आश्चर्य वाटलं, फोन नेहमी तीच करते. म्हणाली, "मोठे बाबा, बरे आहा ना?" मी म्हटलं, मी सांगितलं पोरी. आज सांगितलं तुझ्या बाबाला. सगळं.

मग तिचा आवाज आला तो लहानपणीचा, पाटी दाखवताना असायचा तसा. "काय म्हणले?"

पुन्हा प्रश्न. पुन्हा सगळं माझ्यावर. म्हणू शकलो असतो, फार वाईट वाटलं त्याला, रडला. तिला बरं वाटलं असतं. पण मी यावेळी खोटं बोललो नाही. गजू जे म्हणाला ते, शुद्धलेखन सांगावं तसं, एकही शब्द न गाळता तिला सांगितलं.

"म्हणजे बाबाले तेव्हापासूनच मालूम होतं?"

"हाव."

"अकोल्यापासून?"

"हाव, पोरी."

ती रडली नाही. मी फोन कानाला घट्ट लावला. मग ती म्हणाली, "मले वाटे, तुमी एक दिवस सांगसान. अन् सांगितलं का बाबा मले घ्याले येतीन. दरवर्षी हळदीच्या या दिवसांत मी आठ दिवसांची सुटी काढून ठेवते, मोठे बाबा. यंदाबी काढली आहे."